सावलीच्या तीन रेघा

शेगावच्या एका लॉजात, सात नंबरच्या खोलीत, मी भिंतीचा लाईट लावला आणि मला भिंतीचं पोट दिसलं.

खोली आठ बाय दहा, खिडकी नाही. मालक सुधाकरभाऊंना ती मोठी दिसायला पाहिजे होती, कारण आता गिऱ्हाईक खोली बघायला येत नाही, मोबाईलवर फोटो बघतं. लहान खोलीच्या चारही भिंती उजळल्या तर ती डबीसारखी दिसते. पलंगाच्या डोक्याकडची एकच भिंत उजळली तर ती खोल वाटते. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. आठवीनंतर नांदुऱ्यात वायर ओढायला लागलो आणि लोकांच्या भिंती फोडून शिकलो.

भिंतीत आडवी खाच, खाचेत एलईडीची पट्टी, उजेड भिंतीला चाटत छताकडे. असा उजेड लबाडी चालू देत नाही. रंगारी पुट्टी तपासायला भिंतीला बल्ब टेकवून धरतो तो यासाठीच. समोरून सपाट दिसणारी भिंत आपले सगळे खड्डे-उंचवटे ओकून टाकते.

मी बटण दाबलं. खाचेच्या वर परातीएवढा फुगवटा, आणि त्याची काळी सावली छताकडे गेलेली. सकाळी खाच मारण्याआधी मी याच भिंतीवर हात फिरवला होता. फुगवटा नव्हता.

मग माझी नजर कोपऱ्यातल्या माझ्या लाकडी पट्टीकडे गेली. त्या पट्टीला साडेचार फुटांवर खिळा ठोकलेला आहे. टेप काढायचा कंटाळा, म्हणून सगळ्या खोल्यांत मी तिनंच खूण करतो. या भिंतीमागे आठ नंबरची खोली. मागच्या महिन्यात तिथेही मीच लाईट लावला होता. त्याच भिंतीत, त्याच खिळ्याच्या उंचीवर.

भिंत चार इंची. इकडून दीड इंच कापली, तिकडून दीड. मधे एक इंच वीट राहिली. आणि वर गच्चीत, बरोबर याच भिंतीवर, दोन हजार लिटरची टाकी.

खाच उभी मार, आडवी मारशीन तं भिंतीचा गळा कापशीन, असं माझ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सावली जिथे संपत होती तिथे मी पेन्सिलीनं रेघ ओढली. तेवढ्यात खाली मोटर सुरू झाली आणि डोक्यावर टाकीत पाणी पडायला लागलं. मी रेघेकडे बघत उभा राहिलो. पाच मिनिटांत सावली रेघेच्या वर बोटभर गेली.

सुधाकरभाऊंना हाक मारली. ते पान चघळत आले.

"भाऊ, मोटर बंद करा. आठ नंबर खाली करा."

"काऊन?"

"भिंत फुगली."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "सावली पडली म्हणून भिंत पडते काय बे? वरून पॅनल ठोकून दे. मस्त दिसते."

"आठमंधी कोण हाय?"

"सोनाळ्याचे उकंडराव. सून दर्शनाच्या लाईनीत गेली, बुढा झोपून राह्यला. अन् मोटर बंद होत नाही. नळाचं पाणी चार वाजता जाते. संध्याकाळी साठ माणूस येऊन राह्यलं, त्यायले तुह्या सावलीनं आंघोळ घालू काय?"

"भाऊ, खरंच..."

"वायरमन हायेस, इंजिनिअर नोको होऊ. तुमच्या लोकायले जराक शिकवलं का..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नसते, मला ते पाठ आहे. एरवी मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. त्यांचं चुकत होतं, पण भिंत मी कापली होती. हे सांगितलं तर शेगावात मला कोणी बल्बही बदलायला बोलावणार नाही, हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. आत एक माणूस झोपलेला असताना केला.

ते गेले. मी दुसरी रेघ ओढली.

आठ नंबरचं दार वाजवलं. आतून कडी. स्टूल लावून वरच्या झरोक्यातून पाहिलं. कूलर घोंघावत होता. म्हाताऱ्याचं डोकं त्याच भिंतीला टेकलेलं. कानाचं मशीन खुर्चीवर, तांब्याशेजारी. म्हणजे मी ओरडून मेलो तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं. दाराला लाथ मारायची हिंमत झाली नाही. धक्का भिंतीपर्यंत गेला असता.

परत सातमध्ये आलो. सावली दुसरी रेघ ओलांडून गेली होती. तिसरी ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

मग मी पॅसेजमधला मेन स्विच खाली पाडला.

मोटर थांबली. कूलर थांबले. मे महिन्यात बिनखिडकीच्या खोलीत बहिऱ्याला उठवायला उकाड्याशिवाय दुसरी हाक नसते. पण माझा लाईटही गेला आणि भिंत दिसेनाशी झाली. मोबाईलची बॅटरी लावून भिंतीला टेकवली, तर हात जराही हलला की सगळ्या सावल्या हलत होत्या. कोणती भिंतीची आणि कोणती माझ्या हाताची, कळेना. मी ती विझवली. अंधारात खाचेतून रेती गळत होती. चहात साखर पडावी तेवढाच आवाज.

दोन मिनिटं गेली. तीन.

कडी वाजली. उकंडराव बनियनवर बाहेर आले, घामानं निथळत. "लाईन गेली काय जी?"

मी त्यांचा हात धरून ओढलं.

"अबे थांब, माही मशीन आतच हाय," असं म्हणून ते वळले.

"नोको, बाबा, नोको जाऊ." ऐकणार कसे? त्यांना भिंतीपासून लांब, जिन्यापाशी लोटलं आणि मीच आत गेलो. त्या बाजूची खाच झरोक्याच्या उजेडात दिसली. एलईडीची पट्टी बाहेर लोंबत होती, उशीवर लाल चुरा सांडला होता. मशीन उचललं आणि बाहेर पडलो. श्वास मी आत सोडलाच नाही.

सुधाकरभाऊ धावत वर आले. "मेन कोनं पाडला बे?"

"म्या. अन् खाचा बी म्याच मारल्या, भाऊ. दोन्हीकून. एकाच उंचीवर."

"मंजे माही भिंत तू पाडली."

"हो. अजून पडली नाही. पाहून घ्या."

मोटरचा फ्यूज काढून खिशात घातला आणि मेन वर केला. सातमधला लाईट लागला. दारातूनच दिसलं, सावली तिसऱ्या रेघेच्या वीतभर वर होती. सुधाकरभाऊंचं पान चघळणं थांबलं. त्यांनी मला शिवी दिली नाही. गच्चीवर पळाले आणि टाकीचा नळ खोलला. पाणी भदाभदा मागच्या गल्लीत पडायला लागलं.

ते खाली आले. आम्ही दोघं पॅसेजमध्ये, दारापासून लांब उभे राहिलो. उकंडरावांनी मशीन कानात घातलं.

"काय पाहून राह्यले जी तुमी?"

"सावली," मी म्हणालो.

"थांबली का?"

चौथी रेघ ओढायला आत कोणी गेलं नाही.