गच्चीचा हिशोब

बुलढाण्याचे बिल्डर इंद्रभानभाऊ यांनी देऊळघाटच्या रस्त्याला कॉलनी बांधली आणि कमानीवर ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं, ‘नेट झिरो’. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते संजीवनीकडे बोट दाखवत. संजीवनी त्यांची इंजिनीयर. ती समजावून सांगे, घर वर्षभरात जेवढी वीज खाईल, तेवढी स्वतःच्या छतावर उन्हातून बनवील. ऐकणारे माना डोलवत आणि पार्किंगचं विचारत.

संजीवनीचा मात्र त्यात जीव गुंतला होता. राखेच्या विटा, जाड भिंती, गॅसऐवजी विजेची शेगडी, सगळं तिनं भांडून करून घेतलं होतं. मे महिन्यात पुण्याहून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, की जळगाव जामोदची पुढची कॉलनी तिच्या हाती द्यायची, असा भाऊंचा शब्द होता. कॉलनीतलं पहिलं घर तिनं आईसाठी घेतलं.

आई, म्हणजे शालूबाई, राहायला आल्या त्या दिवशी जिना चढून वर गेल्या आणि दारातच थबकल्या. गच्ची या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पॅनलांनी भरलेली.

“काऊन वं, उन्हाळ्यात निजाचं कुठी?”

“खाली एसी हाये ना, माय.”

“मले त्या डब्ब्यात झोप येत नाही.”

संजीवनी हसली. मे महिन्यात इथली माणसं गच्चीवर झोपतात हे तिला काय ठाऊक नव्हतं? कॉलेजला जाईपर्यंत तीही तशीच झोपली होती. पण कॉम्प्युटरच्या हिशोबात गच्चीवर झोपणाऱ्यांसाठी रकाना नव्हता. एसी गृहीत धरले म्हणून पॅनल वाढले, पॅनल वाढले म्हणून गच्ची गेली, आणि गच्ची गेली म्हणून एसी लागलेच. शिकलेली माणसं असं गोल गोल फिरण्यात फार पटाईत असतात.

तपासणीच्या आदल्या दिवशी वावटळीनं रस्त्यावरचे विजेचे खांब आडवे केले. बाहेरची वीज गेली तशी छतावरचीही थांबली, कारण तारेवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ती आपोआप बंद होते. ऊन रणरणत होतं, पॅनल चकाकत होते आणि खाली माणसं घामानं निथळत होती. दुसऱ्या दिवशीही खांब उभे राहिले नाहीत. दिवस कलल्यावर एकेका घरातून खाटा बाहेर निघाल्या आणि रस्त्यावर ओळीनं मांडल्या गेल्या. तपासणीसाठी पुण्याहून आलेल्या पायल मॅडमची गाडी कमानीतच अडली.

भाऊ धावले. “मॅडम, एक दिवसाची गोष्ट आहे. तार जोडली का सारे आत!”

“कागदपत्रं तर उत्तम आहेत,” मॅडम म्हणाल्या. “वीज जाणं हा काही तुमचा दोष नाही. फक्त इंजिनीयरनं एवढं सांगावं, रचनेत काही बदल करायचा आहे का?”

नाही म्हटलं की काम फत्ते होतं. भाऊ डोळ्यांनी तेच सांगत होते. संजीवनीनं खाटांकडे पाहिलं. तिला शरम वाटली, आणि प्रमाणपत्राचा मोहही सुटेना.

“करायचा आहे,” ती म्हणाली. “निम्मे पॅनल काढायचे आहेत. माणसं वर झोपली तर एसी लागणार नाही, आणि उरलेल्या पॅनलांत घराचं भागेल.”

“पण आमच्या हिशोबात एसी धरावाच लागतो. मग तुम्ही नापास व्हाल.”

“माहीत आहे.”

भाऊंनी कपाळावर हात मारला. “आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून राह्यली का, संजीवनी? जामोदचं काम आता दुसऱ्याले देतो मी!” आणि ते पायल मॅडमना निरोप द्यायला गेले.

संजीवनी आईच्या खाटेवर येऊन बसली. दोन वर्षं घासलेलं एका वाक्यात गेलं होतं. तिला रडू आवरेना. शालूबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

“काऊन रडतं वं? बरोबर तं बोलली.”

“बरोबर बोलली, माय. पण मले ते पाह्यजे होतं.”

शेजारच्या खाटेवरचे पुंजाजी उठून बसले आणि त्यांनी मोठ्यानं विचारलं, “पोरी, आमच्या घरावरचे पॅनल कवा काढतं?”