बिनसायीची वाटी

दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळा झालेला म्हातारा आईस्क्रीमवाला सकाळपासून स्वयंपाकघरात ठाण मांडून होता. पिकल्या केळ्यांच्या चकत्या त्याने आदल्या दिवशीच गोठवून ठेवल्या होत्या. त्यात बिनसायीचं घट्ट दही, मूठभर स्ट्रॉबेरी आणि भाजलेल्या जवसाची पूड घातली. साखरेचा दाणाही नाही. साय तर या घरात येणंच बंद झालं होतं, बायकोला हृदयाचा झटका आला त्या दिवसापासून.

आहारतज्ज्ञ बाईंनी अशी एक लहान वाटी चालेल म्हटलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं. कारण दवाखान्यातून परतल्यापासून एकच गोष्ट त्याला आतून पोखरत होती. दुकानाचा जुना शिरस्ता होता, की नवा माल आधी घरी यायचा. बायकोने चाखून मान हलवल्याशिवाय तो गिऱ्हाइकापुढे मांडायचा नाही. कुणी कौतुक केलं की तो अभिमानाने सांगायचा, हात माझा असला तरी जीभ घरच्यांची आहे. आता ते आठवलं की तो स्वतःलाच दोष द्यायचा. सगळ्या गावाला गारवा विकला आणि साय भरली ती आपल्याच माणसाच्या छातीत.

साय नसली की गोठवलेल्याचा दगड होतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो दर थोड्या वेळाने भांडं बाहेर काढून काट्याने खरवडत होता. माहेरी आलेली मुलगी दारातून बघत होती.

"बाबा, भांड्याला भोक पडेल. आईने मागितलंय का हे?"

मागायला कशाला हवं, असं पुटपुटून तो खरवडत राहिला.

बायको खिडकीशी मटार सोलत बसली होती. त्याने वाटी तिच्यापुढे धरली आणि नेहमीसारखा खांद्यावर फडकं टाकून समोर उभा राहिला. तिने चमचा तोंडात घातला, छान झालंय म्हणाली. गारव्याने जीभ बधिर होते, जरा विरघळू दे, मग सांग, असं त्याने बजावलं. तसं तिने वाटी खालीच ठेवली.

"एक सांगू? मला गोड कधी आवडलंच नाही."

तो आधी हसला. मग तिच्याकडे बघून त्याचं हसू विरलं. इतकी वर्षं मग कशी खाल्लीस, असं त्याने विचारलं.

"तुम्ही समोर उभे असायचात. वाटी रिकामी झाल्याशिवाय हलायचा नाहीत."

त्याला ते पटेना. चुका तर तीच काढायची. साय कमी पडते हे तीच म्हणाली होती, आणि त्यावरच तर दुकान नावारूपाला आलं. 'दुप्पट साय' ही पाटी मुलाने अजून उतरवली नव्हती.

"तुमच्या तोंडाकडे बघून सांगायचे मी. त्या दिवशी तुमचा चेहराच पडलेला होता. काहीतरी म्हणायला हवं, म्हणून साय म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट सायीची वाटी माझ्याच पुढ्यात." तिला त्याचं हसू आलं. त्याला आलं नाही.

"एकदा तरी बोलायचंस."

"तुम्ही कसं झालंय विचारायचात. हवंय का, असं कधी विचारलंत?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. हात कोरडेच होते. तिला बहुधा दया आली असावी. तिने वाटी पुन्हा उचलून एक घास घेतला. हे मात्र खरंच बरं आहे, फार गोड नाही, असं ती म्हणाली.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खरं आणि खोटं तिथे अगदी सारखंच दिसत होतं. नको असेल तर राहू दे, असं पुटपुटत तो आत गेला, म्हणजे तिला वाटी निदान बाजूला सारता येईल.

ओट्याला टेकून तो कान देऊन उभा राहिला. बाहेर चमचा वाटीवर वाजत होता, हळूहळू, तळापर्यंत. पण तो ऐकतोय, हेही तिला ठाऊक होतं.