दोन्ही बाजूंनी ऐकणारी भिंत

भिंतीला कान असतात, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. तिला तोंडही असतं, हे आज ऐका. मी टोलेफ्सनांच्या गोठ्याची भिंत बोलतेय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनातली, हमरस्त्याकडे तोंड करून उभी, लाकडी, लाल, आणि थापा मारण्यात सबंध खोऱ्यात दुसरी. पहिला नंबर कुणाचा, ते पुढे येईलच.

आताचा मालक हार्लन, त्याच्या आजोबांनी, म्हणजे नेल्सआजोबांनी, टेकडीवरचे पाइन तोडून माझ्या फळ्या काढल्या. मला जमिनीवर आडवी ठेवूनच ठोकली आणि मग सगळ्या खोऱ्यातले पुरुष दोर आणि बांबूएवढ्या काठ्या घेऊन जमले. 'हो' म्हणायचा अवकाश, मी उभी! बायकांनी झाडाखाली लांबच लांब टेबलं मांडली होती. मी उठले ती त्यांच्या सफरचंद भरून भाजलेल्या 'पाय'च्या वासानं, असं मी सगळ्यांना सांगते. माझ्या उंचीचं म्हणाल, तर पाकोळी खालून निघाली की मध्यावर थांबून दम खाते.

माझ्यावर उमेदवाराचं नाव पहिल्यांदा रंगवलं ते हार्लनच्या बापानं, गुन्नारनं. उमेदवार काँग्रेसचा; आमची काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, वॉशिंग्टनमधली संसद. तिथे खोऱ्यातून एक माणूस निवडून पाठवायचा असतो, दर दोन वर्षांनी. म्हणजे मी एकाच्या नावातून बाहेर येते न येते, तोवर दुसरा दारात हजर. गुन्नार कंजूस. त्यानं दुकानातला रंग आणला नाही. मलई काढलेलं दूध, चुना आणि लाल माती घोटून घरीच रंग केला. दुधाचा हा रंग एकदा फळीत मुरला की मुरला. वरून पांढरा हात मारा, दुसरं नाव काढा, पण धुकं पडलं की खालची नावं वर येतात. एका दमट सकाळी एक परका मोटारसायकलवाला माझ्यापुढे थांबला, नाव वाचलं आणि गावात जाऊन ज्याला मत दिलं, तो उमेदवार कधीच थडग्यात गेला होता. लोक म्हणतात, बाकीच्यांपेक्षा त्यानं बरं काम केलं असतं.

माणसांची एक गंमत मी बघितलीय. आपलं मत काय ते प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी ते दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिलेलं बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणून निवडणूक आली की माझ्यासमोर येऊन गाड्या हळू होतात.

त्या ऑक्टोबरात त्या फारच हळू झाल्या. कारण मी कोरी होते.

झालं असं, की शुक्रवारी गावच्या हॉटेलात मासे तळतात, तिथे सगळं खोरं जेवायला जातं. तिथे रॉजर ब्रँडवॉल्डनं हार्लनला गाठलं. रॉजर म्हणजे कित्येक वर्षं वॉशिंग्टनला आमचं प्रतिनिधित्व करणारा, आणि शाळेत हार्लनच्या शेजारच्या बाकावर बसणारा. दुधाची गाडी ज्या पुलावरून येते तो पूल त्यानंच दुरुस्त करून दिलेला. त्यानं भिंत मागितली. आता आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. ते म्हणजे पाहुण्याच्या ताटात थुंकण्यासारखं. मी तिथे नव्हते, पण घरी आल्यावर मार्लिसनं नवऱ्याची जी हजेरी घेतली, ती माझ्याच पायथ्याशी.

"तू हो म्हणालास?"

"हो कुठे म्हणालो! 'बघू या की' म्हणालो."

"आणि हात दिलास तो?"

"त्यानं पुढे केला, मार्लिस! त्यात काय मासा ठेवू?"

"मग नाही म्हणायचं!"

"असं? तोंडावर?" चर्चमध्ये पाटलोण काढायला सांगितल्यासारखा हार्लन दचकला.

मार्लिसच्या मनात रोंडा क्रुश्के होती. रोंडा आमची गुरांची डॉक्टर. यंदा ती रॉजरच्या विरोधात उभी होती, आणि शेणाच्या खड्ड्यांवर कायदा आणायचा म्हणत होती. आमचा खड्डा जुना, मातीचा, ओढ्याच्या अगदी कडेला. ओढ्याच्या खालच्या अंगाला मार्लिसची बहीण आर्डिस राहते. वसंतापासून तिच्या विहिरीला कॉफीच्या रंगाचं पाणी येत होतं.

"आर्डिस विकतचं पाणी पितेय, हार्लन."

"ते खड्ड्यामुळेच, हे कशावरून?"

"वासावरून!"

"आणि कायदा आला तर नवा खड्डा कोण बांधणार? रोंडा? रॉजर म्हणालाय, असला कायदा तो येऊच देणार नाही."

झालं. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला स्वस्थता नाही. हार्लननं माझ्यावर पांढरा हात मारून ठेवला आणि रंगाची बादली घेऊन नुसता येरझाऱ्या घालायला लागला. शिडी लावायचा, चढायचा, ब्रश बुडवायचा, उतरायचा. बादलीतलं दूध नासलं. नवं घोटलं, तेही नासलं. मांजरीसुद्धा कंटाळल्या. रस्त्यावरून शेजारी ओरडायचे, "काय रे हार्लन, भिंतीला कुणी पसंत पडत नाही का? वय उलटून चाललं की तिचं!" हार्लन हात हलवायचा आणि वाकून नसलेला खिळा शोधायचा.

आणि मी? अंगाला अशी खाज सुटली होती म्हणून सांगू! कोरेपणाची सवय नाही हो मला. वारा आला तरी वाटायचं, कुणीतरी नाव लिहितंय.

शेवटी रॉजरचा निरोप आला, शनिवारी फोटोवाल्याला घेऊन येतो, भिंत तयार ठेव. आणि त्याच्या आदल्या दुपारी आमची बोनी गाय अडली. वासरू आडवं. हार्लननं फोन केला तो अर्थात रोंडालाच. गाईला पक्ष नसतो.

रोंडा प्रचार टाकून आली. कोटाला स्वतःच्याच नावाचा बिल्ला, पायात रबरी बूट. खांद्यापर्यंत हात आत घालून ती उभी राहिली तेव्हा हार्लनला राहवेना.

"डॉक्टरबाई, भिंतीचं काही विचारणार नाही का?"

"आधी शेपटी धरा."

त्यानं शेपटी धरली.

"भिंत हवीय का विचाराल तर हवीय," ती दात आवळून म्हणाली. "कुणाला नको असेल? पण एक सांगून ठेवते हार्लन, मी निवडून आले तर पहिला तुमचाच खड्डा बुजणार. नवा तुम्हालाच बांधावा लागेल. थोडी मदत मिळवून देईन, सगळी नाही. आता ओढा!"

वासरू बाहेर आलं, धडपडलं, उभं राहिलं. कपाळावर पांढरा ठिपका. हार्लन मात्र वासराकडे बघतच नव्हता. मत मागायला आलेली बाई, आणि तुमचं नुकसान करीन म्हणते! ती गेल्यावर तो मार्लिसला म्हणाला, "हिला राजकारण शिकवायला हवं कुणीतरी." आणि चिडून त्यानं तिसऱ्यांदा रंग घोटला. आमच्याकडे हात मिळवला म्हणजे शब्द दिला, आणि दिलेला हात तो दिलेला हात.

शनिवारी सकाळी शिडीवर चढून त्यानं 'ब्रँड' एवढं रंगवलं, तेवढ्यात रॉजरची प्रचाराची बस येऊन थांबली. रॉजर उतरला, गडी मोठा गोड. शिडीखाली येऊन म्हणाला, "हार्लन, लेका, बापाचं अक्षर उतरलंय तुझ्या हातात!"

"रॉजर, ते खड्ड्याचं..."

"तो कायदा? माझ्या प्रेतावरून जावं लागेल त्यांना. तू निवांत रंगव. मी जरा वासरू बघून येतो, फोटोत छान दिसेल."

आणि तो आत गेला. आता लक्ष द्या. भिंत म्हटली की तुम्हाला रस्त्याकडची बाजू दिसते. मला दुसरीही आहे. आतल्या बाजूला, वासराच्या कप्प्याशी, आर्डिस उभी होती. मार्लिसनं तिला मुद्दाम बोलावून घेतलेलं. आर्डिसच्या हातात काचेची बरणी, बरणीत तिच्या विहिरीचं पाणी.

"रॉजर, हे पी," ती म्हणाली.

रॉजर हसला. बरणी घेतली, उजेडात धरली, तोंड दुःखी केलं. "आर्डिस, काळीज तुटतं बघ माझं. तो खड्ड्यांचा कायदा? निवडून आलो की पहिलं काम तेच. तुझी शपथ. फक्त हार्लनपाशी बोलू नकोस, तो जरा हळवा आहे."

माझ्या फळीत एक गाठ आहे, नेल्सआजोबांच्या वेळची. लाकडाची गाठ कधी सुटते, कधी सुटत नाही. रॉजरनं तोंड दुःखी केलं तेव्हाच मी अंग असं काही आकसून घेतलं, की ती गाठ टपकन निखळून बाहेर पडली, ती थेट बादलीत. उन्हानं सुकली होती, असं हार्लन अजून म्हणतो. म्हणू द्या. भोक पडलं ते बरोबर त्याच्या कानाशी. 'तो खड्ड्यांचा कायदा' पासून 'हळवा आहे' पर्यंत सगळं आरपार गेलं.

हार्लन शिडीवर तसाच थिजला. ब्रशवरून रंगाचे थेंब त्याच्या टोपीवर पडत होते. रॉजर वासराला दोरीनं ओढत बाहेर आला, फोटोवाल्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. "पुरं कर ना रे हार्लन, ऊन जातंय!"

हार्लन खाली उतरला. एकेक पायरी. बापाच्या वेळेपासून या अंगणात मी कितीतरी 'बघू या की' ऐकलेत, 'तसंही करता येईल' ऐकलंय, 'वाईट नाही' ऐकलंय. पण त्या दिवशी हार्लन टोलेफ्सन म्हणाला,

"नाही."

"काय नाही?"

"भिंत नाही, रॉजर. फोटो नाही. मी हात दिला होता, तो मी परत घेतोय, आणि त्याची मला लाज वाटतेय. पण नाही."

रॉजरनं त्याच्याकडे बघितलं, मग मागोमाग बाहेर आलेल्या आर्डिसकडे, मग माझ्या भोकाकडे. माणूस हुशार. वासराची दोरी मार्लिसच्या हातात देऊन म्हणाला, "कॉफी मात्र घेऊन जातो हं." आणि आमच्याकडची रीत म्हणून त्याला कॉफी दिली, सफरचंदाचा 'पाय'ही दिला, वर दारात उभं राहून पुष्कळ वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. वाईट शब्द एक नाही.

बस गेल्यावर मार्लिस म्हणाली, "मग? कोरी ठेवायची?"

हार्लननं बादलीतून गाठ काढून खिशात टाकली. "रोंडा माझ्या वाइटाचं बोलली," तो म्हणाला, "पण माझ्या तोंडावर बोलली. ब्रश दे." 'ब्रँड'वर पांढरं मारून त्यानं रंगवलं, रोंडा क्रुश्के. अक्षरं वाकडी आली, 'के' तर कोपऱ्यात दाबून बसवावा लागला. शेजाऱ्यांनी गाड्या थांबवून बघितलं. दोघातिघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

रोंडा निवडून आली. थोडक्यात, पण आली. आणि बोलल्याप्रमाणे तिनं पहिल्याच वर्षी कायदा आणला.

आज मी हे सांगतेय तेव्हा माझ्या पायाशी खोदकामाचं यंत्र घरघरतंय. सिमेंटचा नवा खड्डा होतोय, आणि हार्लन चिखलात उभा राहून ज्या शिव्या देतोय, त्या मी इथे सांगणार नाही. काल मार्लिसनं त्याला चिडवलं, "एवढा राग आहे, तर खरवडून टाक की तिचं नाव!"

तो माझ्याजवळ आला, नखानं 'रों' जरा खरवडून बघितला. "दुधाचा रंग आहे," म्हणाला. "निघत नाही." मग खिसा चाचपला, ती गाठ काढली, भोकात बसवून बघितली. अगदी बरोबर बसत होती. बसलेली गाठ त्यानं पुन्हा उपटली आणि खिशात टाकली.

मी म्हातारी झालेय, उत्तरेकडून थोडी कुजलेय, पुढच्या निवडणुकीला असेन न असेन. तुमच्याकडेही कुणीतरी येईलच, गोड हसत, भिंत मागायला. द्या, पण आधी त्याला आपल्या एका बाजूला बोलू द्या, मग दुसऱ्या बाजूला. आणि मधे एक भोक ठेवा.