तंबूपुरती फांदी

ऑर्विलने कुंडीतल्या एल्मच्या रोपट्याचं पान चुरगळून नाकाशी नेलं.

"छे! आमच्या जुन्या झाडाची सर नाही."

"नवं वाण आहे, काका," नर्सरीवाला डेल म्हणाला. "तो मेला रोग याला सहसा मारत नाही. पंधरा वर्षांत अंगणभर सावली."

"तोवर मी असेन का रे?"

"तुमच्यासारखी खडूस माणसं कुठे जातात!"

ऑर्विलची मुलगी मार्नी हसली नाही. हिवाळ्यात घटस्फोट घेऊन ती बापाकडे परतली, तेव्हापासून आतून सगळं बधिर झालं होतं. वाढलं की जेवायची, गाडीत बस म्हटलं की बसायची. आजही तशीच आली होती.

"जुनं झाड कशाने गेलं?" डेलने विचारलं.

"कशाने जाणार? भुंगे."

"जूनमध्ये फांदी कापली म्हणून," मार्नी सपाट आवाजात म्हणाली. "माझ्या लग्नाचा तंबू बसत नव्हता."

एल्मला उन्हाळ्यात करवत लावू नये, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. ताज्या जखमेच्या वासाने भुंगे येतात आणि रोग घेऊन येतात. ऑर्विलने तर उभा जन्म शेजाऱ्यापाजाऱ्यांना हेच बजावलं होतं. तरी लग्नाच्या आदल्या दिवशी शिडी लावून त्यानेच ती फांदी उतरवली. पुढच्या उन्हाळ्यात शेंड्याची पानं पिवळी पडली.

झाडही गेलं, लग्नही गेलं. बापाने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. मनातून तो आपल्यालाच बोल लावतोय, अशी मार्नीची खात्री होती.

ऑर्विल खोड निरखत होता. "डेल, याची फांदी जूनमध्ये कापली तर?"

"कापू नयेच, काका. पण कापलीच, तर बहुतेक निभावून नेईल."

"मग हेच दे."

"बाबा, आता कशाला कापायचीय फांदी?"

"तुझं पुन्हा कुठे जुळलं तर? तंबू काय रस्त्यात ठोकायचा?"

मार्नी त्याच्याकडे वळली. तिने विचारलं, "आणि तेही मोडलं तर?"

"तर पुन्हा इथेच येऊ. डेलचा धंदा होईल." ऑर्विल वाकला. "धर त्या बाजूने, पोरी. मला एकट्याला नाही उचलवत."

तिने कुंडी धरली.