व्याह्याचा थोरला भाऊ

हुसेनला एक खोड होती. सकाळी हॉटेलचं शटर वर केलं की चहासुद्धा न घेता तो आधी भटारखान्यात शिरायचा आणि एकेका भांड्याचं झाकण उचलून आत नाक घालायचा. सव्वीस वर्षं बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांना रांधून घालणारा. भर समुद्रात डाक्तर कुठला? एकाचं पोट बिघडलं की रांगच लागायची. म्हणून जे आंबलं, ते सरळ दर्यात. विचारायचं नाही, चाखायचं नाही. सव्वीस वर्षांत हुसेनच्या हातचं खाऊन एक माणूस आडवा पडला नव्हता, आणि हे तो कुणालाही, न विचारता, सांगायचा.

त्या गुरुवारी तांदळाच्या पोत्यांमागे त्याला एक लाकडी परात सापडली. वर ओलं फडकं. फडकं उचललं तर आत राखाडी-जांभळा चिकट लगदा, त्यावर बारीक बुडबुडे. नाक खाली घातलं. आंबट!

"खलास," हुसेन म्हणाला, आणि परात मोरीत उपडी केली. वर दोन बादल्या पाणी मारलं, साबणाने परात खसाखसा घासली आणि पंख्याखाली वाळत ठेवली. मग चहा टाकला. काम चोख झालं असं वाटून बिडीसुद्धा शिलगावली.

तेवढ्यात त्याची बायको खुदेजा आली. पंख्याखालची परात बघितली आणि दारातच थबकली.

"अहो, यातलं कुठाय?"

"आंबलं होतं. टाकलं."

"कुठं टाकलं?"

"मोरीत. आणखी कुठं, डोक्यावर ओतून घेऊ?"

खुदेजाने कपाळाला हात लावला आणि खालीच बसली. "अहो, ती पोई होती! पुआने मंगळवारपासून आंबवायलाच ठेवली होती. उद्याच्या जेवणाला, तिच्या बापासाठी!"

हुसेनच्या हातातली बिडी तशीच जळत राहिली.

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"कुणाला सांगायचं? तुम्ही ऐकता होय? तुमचं नाक पुढे, कान मागे!"

आता पुआ कोण, ते सांगायला हवं. पुआ म्हणजे हुसेनची सून. मुलगा नुमान बोटीवर इंजिनिअर, त्याची बोट एकदा हवाईला लागली आणि तिथून तो थेट लग्नाचीच बातमी घेऊन आला. हवाई म्हणजे अमेरिकेच्याही पलीकडची बेटं, चारी बाजूंनी पाणीच पाणी. नाव ऐकून खुदेजा म्हणाली होती, "सून आणलीस की मालपुवा?" पण पोरगी आली, ओढणी कमरेला खोचून चुलीपुढे उभी राहिली, आणि सहा महिन्यांत ओमानमधल्या सलालाहच्या त्या हॉटेलात जे झालं ते बघून म्हातारा-म्हातारी गप्पच झाली.

बोर्डावर अजून 'रत्नागिरी हॉटेल' असंच आहे. पण आत भिंतीभर पुआच्या लहानपणाचे फोटो. गुडघाभर चिखलात उभी असलेली आजी, पाण्याने भरलेली खाचरं, त्यात ही हत्तीच्या कानाएवढी पानं. पहिल्यांदा बघून हुसेन म्हणाला होता, "अगं, हे तर अळू!" त्याच्या गावाला अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर आपलं आपण वाढायचं. कुणी लावायचं नाही, कुणी खत घालायचं नाही. फतफतं खायचं आणि विसरायचं. इथे ही पोरगी त्याच अळूच्या पानांत मटण गुंडाळून वाफवायची, नारळाच्या दुधाच्या वड्या पाडायची, आणि गिऱ्हाइकाच्या टेबलाशी उभी राहून तोडक्या हिंदी-अरबी-मराठीत सांगायची, "मी पाच वर्षांची, आजी मला पानात टाकली, पाऊस आला, छत्री नाय, पान!" गिऱ्हाईक घास तोंडात धरून ऐकायचं.

तिच्या गावाला जमिनीत खड्डा खणून, दगड तापवून, केळीच्या पानांखाली डुक्कर पुरतात. ते नाव इथे काढायचं नाही, हे तिला माहीत होतं. पण पहिल्या ईदला शेजारच्या ओमानी घराने बोकड मसाला लावून, पानांत बांधून, तापल्या खड्ड्यात पुरला, दुसऱ्या दिवशी वर काढला, आणि त्या धुराचा वास येताच ही रस्त्यात उभी राहून रडायला लागली. तोच खड्डा, तीच पानं, तोच वास. अर्धी पृथ्वी मध्ये, आणि माणसांनी मांस पुरायची रीत तीच! हुसेनने दुनिया बघितली होती, पण त्या दिवशी त्याच्याही अंगावर काटा आला. तेव्हापासून दर गुरुवारी हॉटेलामागे बोकड पुरतात आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर टेबल मिळत नाही.

आणि आता व्याही आलेला. काविका नाव. चौऱ्याहत्तर वर्षांचा, दरवाज्याएवढा माणूस, हात वल्ह्याच्या पात्यासारखे. तीन विमानं बदलून सोमवारी उतरला. एका पेटीत बर्फात घातलेले, घरच्या खाचरातले, उकडलेले अळूचे कांदे. आणि पिशवीत एक काळा दगड. विमानतळावरच्या साहेबाने विचारलं, हे काय? व्याही म्हणाला, "माझी आजी." साहेबाने दगड बघितला, माणूस बघितला, आणि जाऊ दिलं.

त्या दगडाने पोई कुटायची. कांदे उकडायचे, फळीवर कुटायचे, पाण्याचा हात लावत लावत मऊ करायचे आणि दोन-तीन दिवस आंबू द्यायचे. सात पिढ्या तोच दगड. काविकाने पहिल्याच दिवशी टेबलावर दगड ठेवून सांगितलं. हुसेनला बोटीवरचं इंग्रजी यायचं, त्याला सगळं कळलं.

"ब्रदर, माझ्यानंतर हा कुणाचा? मुलगा म्हणतो, काचेच्या कपाटात ठेवू, वर दिवा लावू. दगडाला दिवा कशाला? हा जिथे पोई होते त्या घराचा. पण माझी मुलगी वाळवंटात येऊन राहिली. शुक्रवारी तिच्या हातची पोई खाईन. तिच्या आईच्या हातची वाटली, तर दगड इथे राहील. नाही तर मी परत नेईन."

पुआने मान हलवली आणि कांद्यांची पेटी आत नेली.  

मग व्याह्याने अळूची गोष्ट सांगितली. फार पूर्वी, आभाळाला आणि ताऱ्यांच्या लेकीला पहिलं मूल झालं ते मेलेलंच. घराशेजारी पुरलं. आईने तिथे बसून आसवं गाळली आणि मातीतून अळूचं पहिलं रोप वर आलं. मग दुसरा मुलगा झाला, तो जिवंत. तो माणूस. "म्हणून अळू आमचा थोरला भाऊ," काविका म्हणाला. "तो आम्हाला खाऊ घालतो, आम्ही त्याला सांभाळतो. पोईचं भांडं उघडं असेल तर घरात कुणी भांडत नाही. थोरला बसलाय ना समोर."

हुसेन सजदा फक्त अल्लाला करणारा माणूस. पण अदब वेगळी गोष्ट. त्या दिवशी अळूच्या नावाने त्याने आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावरची टोपी नीट केली होती.

आणि आज गुरुवारी त्याने व्याह्याचा थोरला भाऊ मोरीत ओतून वर दोन बादल्या पाणी मारलं होतं.

"पुआ कुठाय?"

"बापाला घेऊन हाफ्याच्या बाजारात गेलीय. तासाभरात येतील."

हुसेनने बिडी विझवली. पेटीतले व्याह्याचे कांदे तर मंगळवारीच सगळे संपलेले. तो उठला, मलबाऱ्याच्या दुकानातून मोठाल्या अळकुड्या, म्हणजे अळूचेच कांदे, आणल्या, कुकरला लावल्या. "कुटतो आणि इडलीचं आंबलेलं पीठ दोन डाव मिसळतो. कुणाला कळतंय."

"व्याह्याला इडली खाऊ घालणार?"

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच आहे. पण तो माणूस जीभ घरी ठेवून आलेला नाय."

कांदे उकडले, सोलले. फळी काढली. आता दगड. दगड टेबलावर फडक्यात होता. हुसेनने फडकं सोडलं आणि दगडाच्या मानेला हात घातला.

आणि त्याचा अंगठा आपोआप एका खळग्यात जाऊन बसला.

त्याने हात काढून बघितलं. काळाकुट्ट दगड, लोखंडासारखा टणक. त्यात अंगठ्याएवढा खड्डा. कुणी कोरलेला नाही. धरून धरून पडलेला. त्याने पुन्हा अंगठा ठेवला. कुणा बाईने ठेवला असेल, तिच्या लेकीने, मग तिच्या सुनेने. अशा किती सकाळी? किती मऊ असतो माणसाचा अंगठा, आणि दगड झिजला! दगडाला माणसाचा हात लागत राहिला की दगडसुद्धा हाताचा होतो. हुसेनला वाटलं, आपण कुणाचा तरी हात धरलाय, आणि त्या हाताला आपण आता थाप मारायला निघालोय, इडलीच्या पिठाची.

त्याने दगड हळूच खाली ठेवला.

"काय झालं?" खुदेजाने विचारलं.

"नाय जमणार."

"जड आहे?"

"जड आहे," हुसेन म्हणाला, आणि कितीतरी वेळ तो आपल्या अंगठ्याकडे बघत बसला.

दारात पुआ आणि काविका आले. बाहेर खरीफचं, म्हणजे सलालाहच्या पावसाळ्याचं, धुकं, दोघांच्या केसांवर बारीक पाणी. पुआच्या हातात केळीच्या पानांचा भारा. हुसेन उभा राहिला. बोटीवर कॅप्टनसमोर उभा राहायचा तसा.

"काविकाभाई, मी तुमचा भाऊ मोरीत टाकला."

कुणालाच काही कळलं नाही. मग पुआची नजर पंख्याखालच्या परातीवर गेली. तिने पानं खाली ठेवली, परात उचलली, नाकाशी धरली.

"साबण, अब्बा?" एवढंच ती म्हणाली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. लाकडात मुरलेलं आंबवणसुद्धा धुऊन गेलेली ती परात छातीशी धरून ती तशीच उभी राहिली.

"मला वास आंबट आला. मी विचारलं नाय. माझी चूक. मग चोरून दुसरी करणार होतो, तेही सांगतो. सुनेचा काही दोष नाय. दगड न्यायचा तर माझ्या नावाने न्या, तिच्या नावाने नाय."

काविका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली.  

"ब्रदर," तो म्हणाला, "तू झाकण उचललंस. वास कसा होता?"

"आंबट."

"आंबट तर दूधही होतं. नीट सांग."

हुसेनने डोळे मिटले. नाकाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि वासाला बोटीवरचं इंग्रजी पुरेना, म्हणून तो मराठीतच सांगू लागला. "आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवलं की सकाळी येतो, तसा वर. पण तिखट नाय, नाकात चढत नाय. खाली गोडसर. पाऊस पडून गेल्यावर नारळाच्या शेंडीला येतो, तसा. आणि अगदी शेवटी..." तो थांबला, "अगदी शेवटी ओल्या दगडाचा. नदीतल्या दगडाचा."

पुआने जमेल तसं बापाला इंग्रजीत सांगितलं. आंबोळी तिला सांगता येईना, तिने हाताने दाखवली. नदीच्या दगडाचं तिने दोनदा सांगितलं.

काविका म्हणाला, "माझ्या बायकोच्या पोईला तो वास यायचा. घर सोडून पन्नास पावलांवरून ओळखायचो. ती गेल्यापासून चार वर्षं मी स्वतः करतोय, मला तो एकदाही आला नाही." त्याने मुलीकडे बघितलं. मग उकडलेल्या अळकुड्यांकडे बघितलं. "हे काय, थंड करून ठेवायला उकडलंय? कुटा."

पुआ फळीच्या एका बाजूला बसली, हुसेन दुसऱ्या. पहिले दहा ठोसे हुसेनचे वाकडे पडले आणि काविका एवढा हसला की खुदेजाही हसली. "अहो, सव्वीस वर्षं बोटीवर काय केलंत, नुसते वास घेतले?" मग पुआने दगड घेतला. तिचा हात वर गेला, खाली आला, पाण्याची बोटं फिरली, पुन्हा वर. त्या आवाजाला ताल होता. काविका त्या तालावर हळू आवाजात काहीतरी म्हणू लागला, जुनं, त्यांच्या भाषेतलं. हुसेनला शब्द कळला नाही. पण फळीखालच्या जमिनीचा हादरा पावलांना लागत होता, आणि त्याला वाटलं, हा आवाज हॉटेलाहून, सलालाहहून, आपल्यापेक्षा किती म्हातारा आहे!

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, बोकड वर निघाला, टेबलं भरली. ओमानी घरं, बंदरावरची आपली माणसं, केरळची दोन कुटुंबं. मधल्या टेबलावर ती परात, फडक्याने झाकलेली. एका दिवसाची पोई, आंबट नाही, अजून गोडच. शेजारी दगड. पुआ कालपासून बापाशी दगडाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. बापही नव्हता.

काविका म्हणाला, "ब्रदर, या घराचा मोठा तू. उघड."

हुसेनने हात धुतले, पुन्हा धुतले. फडकं उचललं. कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिलं टेबल गप्प झालं, मग दुसरं, मग दाराकडचं. पोरं गप्प. खुदेजा कुणाला तरी भाताबद्दल झापत होती, ती वाक्याच्या मध्येच थांबली. हुसेनने समुद्रात देवमासा बघितला होता, पाण्याचा खांब आभाळाला टेकलेला बघितला होता. पण न्हाणीमागच्या अळूसमोर पन्नास माणसं अशी श्वास धरून बसलेली त्याने कधी बघितली नव्हती.

काविकाने दोन बोटं बुडवली, तोंडात घातली, डोळे मिटले. कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. मग उष्टा नसलेला हात दगडावर ठेवला आणि दगड टेबलावरून पुढे ढकलला. घर्रर्र आवाज करत तो पुआसमोर येऊन थांबला.

पुआने लगेच हात लावला नाही. तिने आधी ओढणीला हात पुसले, पालथे, उताणे, नीट. मग दोन्ही हातांनी उचलला.