ओवाळणीचं तबक

भोपाळच्या मराठी मंडळात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गोवा सुटला त्या डिसेंबरात लेफ्टनंट विश्वास देवपुजारी पेटत्या बोटीतून आपली माणसं काढताना गेले. आता त्यांच्या तसबिरीवरचा पडदा मंत्र्यांनी नुकताच ओढला होता आणि लेफ्टनंटांचा मुलगा उदय दुपारच्या गाडीनं नौदलाच्या शिक्षणाला निघणार होता.

उदयची आई कमलिनी व्यासपीठावर मधोमध बसली होती. गळ्यात भला मोठा हार होता, पण जीव सगळा टेबलावरच्या तबकात. पोराला आपल्या हातानं ओवाळून पाठवायचं, एवढंच तिचं मागणं होतं. राज्यांची नवी रचना झाली तेव्हा नागपूरहून इथल्या सचिवालयात आलेले तिचे दीर नरहर आठवडाभर त्यावर हूं की चूं करत नव्हते. आत्ता भर सभेत मात्र कानाशी वाकले.

"वहिनी, अध्यक्षांच्या लीलावतीबाई ओवाळतील. पोरगा समुद्रावर चाललाय. अशा वेळी सवाष्णच हवी."

वर हसले, ते वेगळंच. हाराला चाललेलं पांढरं कपाळ तबकाला चालत नव्हतं, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

अपमान कमलिनीनं गिळून टाकला असता. पण खरंच आपल्या हातानं पोराचं काही बरंवाईट झालं तर? लीलावतीबाईंनी निरांजन लावलं, तबक उचललं. उदय पाटावर बसला. तो लीलावतीबाईंकडे बघतच नव्हता, आईकडे बघत होता.

"थांबा," कमलिनी उठलीच.

"वहिनी, मंत्रीजी बघताहेत!"

"बघू देत. यांना मीच ओवाळलं होतं, भावोजी. कपाळभर कुंकू होतं, हातभर हिरव्या बांगड्या होत्या. सवाष्णच होते की मी! आले का परत?"

नरहरांनी मान खाली घातली. कमलिनीनं हात पुढे केला. लीलावतीबाईंनी तबक घट्ट धरून ठेवलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग सोडलं.

कमलिनीनं उदयला कुंकू लावलं. भीती काही गेली नव्हती. वडिलांसारखा हो, असं सकाळपासून जो तो उदयला सांगत होता. ती ज्योत सांभाळत त्याच्या तोंडाजवळ वाकली.

"तू परत ये," ती म्हणाली.