दुपारची बाई

"काढून टाकू ना, मावशी? एकदा काढलं की मग ती बाई परत नाय बोलायची." माउसवरचा हात तसाच ठेवून फारूखने मागे वळून पाहिले.

सरूबाई भिंतीशी तांदूळ निवडत बसली होती. म्हणजे निवडून झालेले तांदूळच पुन्हा निवडत होती. बंगलोरच्या लेकाने, संघपालने, फोनवर बजावले होते की कॉम्प्युटरमधला जुना अँटिव्हायरस काढायचाच, दुरुस्तीवाला फारूख दुसरा टाकून देईल. त्याशिवाय कॅमेरा चालायचा नाही, आणि कॅमेरा चालला नाही तर तिकडे जन्मलेली नात इकडे दिसायची नाही. नातीचे तोंड पाहायला सरूबाईचा जीव टांगणीला लागला होता. पण त्या जुन्या अँटिव्हायरसमध्ये एक बाई होती, त्याचे काय करायचे?

रोज दुपारी कॉम्प्युटर चालू केला की थोड्या वेळाने ती बाई इंग्रजीत एक वाक्य बोलायची. नवे व्हायरस ओळखायची माहिती आली, एवढाच त्याचा अर्थ, असे संघपालने कधीतरी सांगितले होते. सरूबाईच्या नवऱ्याला, कडूबाला, अर्थाशी काही देणेघेणे नव्हते. त्याची हयात वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर गेली. त्या मशीनने पगार दिला, पक्के घर दिले आणि कान मात्र नेले. म्हणून लेकाने भरून दिलेली भीमगीते ऐकायला तो स्पीकरचे बटण पार शेवटपर्यंत पिळायचा. मध्येच बाई बोलली की तिचे बोलणे तीन घरे ऐकायची. आणि कडूबा खुर्चीत सावरून बसून खणखणीत उत्तर द्यायचा, "जय भीम, बाई!"

सरूबाई हसून बेजार व्हायची. "अवो, मशीन हाय ते!"

"असंना का. आपल्या घरी येऊन बोलली ना? मंग आपण गप बसायचं व्हय?"

हसण्यावारी नेण्यासारखेच होते ते. पण त्यामागचे सगळे सरूबाईला ठाऊक होते. नामांतराच्या पेटत्या दिवसांत दोघे पाचोडकडची वस्ती सोडून एका बोचक्यानिशी शहरात आले होते. वस्तीवर 'जय भीम' म्हणायच्या आधी मागेपुढे पाहावे लागे. भावसिंगपुऱ्यातल्या खोलीत पहिल्याच सकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी माणसाने कडूबाला मोठ्याने जय भीम घातला, तेव्हा हा बाप्या आत येऊन दाराआड रडला होता. तेव्हापासून दारात आलेल्या कुणाचेही बोलणे त्याने बिनउत्तराचे परत पाठवले नाही. मग त्या बाईचे तरी कसे पाठवणार?

गेल्या उन्हाळ्यात कडूबा गेला. सरूबाई दुपारी कॉम्प्युटर चालू करत राहिली. बाई बोलली की त्याच्या वतीने तीच उत्तर द्यायची. तेवढा वेळ घर खायला उठत नसे.

"दोनी राहू दे की रे बाबा. जुनं बी आन् नवं बी."

"नाय जमत, मावशी. दोघं एकमेकालाच चोर समजतात. मशीन जाम होतं." फारूखने डोके खाजवले. "ऐसा करू, तिचा आवाज तेवढा काढून ठेवतो. तुम्ही बटन दाबलं की बोलंल. चालंल?"

सरूबाईने सूप खाली ठेवले. तांदळातला खडा तिच्या बोटांत तसाच राहिला होता.

"नगं. मी बोलावल्यावर आली तर ती काय आली? ह्यांना ती आपल्या मनानं आलेली आवडायची." तिने पदराने डोळे टिपले. "पण थांब जरा. आजचं बोलू दे तिला. मंग काढ."

फारूखचा मोबाइल वाजत होता, पुढचे गिऱ्हाईक वाट पाहत होते. त्याने तो बंद करून खिशात टाकला आणि हात मांडीवर ठेवून बसला. दोघेही पडद्याकडे पाहत राहिले.

बाई बोलली. सरूबाई उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर तिने नीट केला.

"जय भीम, बाई. लई सोबत केली."

मग फारूखने बटण दाबले.

जुना गेला, नवा बसला. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. नवा काही बोलला नाही, कोपऱ्यात एक चित्र तेवढे आले. फारूखने कॅमेरा जोडला आणि खुर्ची रिकामी करून सरूबाईला पुढे बसवले. पडद्यावर संघपाल दिसला, सून दिसली, आणि सुनेच्या मांडीवर दुपट्यातली ती. कपाळ थेट कडूबाचे. सरूबाई खुर्चीतून पुढे झुकली.

तेवढ्यात पोरीने जोरात हुंकार दिला. स्पीकर अजून पार पिळलेलाच होता. मांडणीवरची भांडी थरथरली. फारूख आवाज कमी करायला पुढे झाला.

"राहू दे बाबा, तेवढाच राहू दे."

आणि खुर्चीत सावरून बसत सरूबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "जय भीम, बाई!"